मैफल सोडून गेलेला पियानोवादक

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताशी थोडी ओळख होऊ लागली की ग्लेन गूल्ड हे नाव कधी ना कधी कानावर येतं. त्याच्या मागोमाग एक प्रश्नही हमखास येतो: हा माणूस ऐन भरात असताना मैफली सोडून का गेला? बोटं थकली असती, श्रोते घटले असते, नाव मागं पडलं असतं, तर प्रश्न पडला नसता. पण १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यानं बाख, बेथोवेन आणि हिंडेमिट वाजवले तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा होता आणि जगभरातून त्याला बोलावणी येत होती. त्या दिवशी निरोपाचं भाषण नाही, घोषणा नाही. पुढं १८ वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर तो पुन्हा मैफलीला बसला नाही.

आपल्याला हे जरा जास्तच चमत्कारिक वाटतं. मैफल ही आपल्याकडं गाण्याची कसोटी. ‘रेकॉर्ड ठीक आहे हो, पण समोर बसून ऐकलंय का?’ असं विचारणारे एखादे काका प्रत्येक घरात असतात. गूल्ड या काकांच्या अगदी विरुद्ध टोकाला उभा होता. त्याच्या मते मैफल हीच संगीताच्या वाटेतली अडचण होती, आणि ध्वनिमुद्रण ही स्वतंत्र कला होती. हा निव्वळ विक्षिप्तपणा होता, की त्यामागं काही विचार होता? उत्तर शोधायचं तर सुरुवात वाद्यापासून करावी लागेल.

१. पट्टी दाबली की आत काय होतं?

पियानोला ८८ पट्ट्या असतात: ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. वरून तो मोठ्या पेटीसारखा दिसतो, पण पेटीशी त्याचं नातं पट्ट्यांपुरतंच. पेटीत हवा बोलते, पियानोत तार. पट्टी दाबली की आत नमद्यानं मढवलेली एक छोटी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागं हटते. त्या अर्थानं पियानो संतूरला जवळचा. फरक एवढाच, की संतूरवादकाच्या हातात दोन काड्या असतात, तर इथं प्रत्येक पट्टीची स्वतंत्र हातोडी.

हातोडी तारेवरून सुटली की वादकाच्या हातात फारसं काही उरत नाही. स्वर हलवता येत नाही, फुलवता येत नाही. पियानोवर मींड नाही. मग वादकाच्या ताब्यात काय असतं? तीन गोष्टी: पट्टी कधी दाबायची, किती जोरानं दाबायची आणि कधी सोडायची. पट्टी सोडली की तारेवर एक गादी येऊन बसते आणि स्वर थांबतो.

बहुतेक पियानोवादक पहिल्या दोन गोष्टींवर जीव टाकतात. गूल्डची खरी ओळख तिसऱ्या गोष्टीत आहे. तो पट्टी लवकर सोडतो. त्यामुळं त्याचा एकेक स्वर मोकळ्या भातासारखा शीत न् शीत सुटा ऐकू येतो, गिचका होत नाही. हे त्यानं मुद्दाम जोपासलं होतं, कारण ज्या बाखवर त्याचं प्रेम होतं, त्या बाखनं आपलं बरंचसं संगीत हार्पसिकॉर्डसाठी लिहिलं होतं. त्या वाद्यात हातोडी नसते. पट्टी दाबली की एक टोक तार छेडतं, आपल्या सतारीच्या नखीसारखं. आवाज कोरडा, टोकदार, स्पष्ट. गूल्डला पियानोतून तो कोरडेपणा हवा होता.

२. टोरांटोतलं एकुलतं एक पोर

ग्लेनचा जन्म कॅनडातल्या टोरांटोत २५ सप्टेंबर १९३२ रोजी झाला. वडिलांचा फरच्या कपड्यांचा धंदा, आई संगीत शिकवणारी. घरचं आडनाव मुळात ‘गोल्ड’. पण तो काळ ज्यूद्वेषाचा, आणि हे आडनाव ज्यू वाटायचं. कुटुंब प्रॉटेस्टंट असूनही नको तो संशय म्हणून ग्लेन लहान असतानाच त्याचं ‘गूल्ड’ करण्यात आलं.

मुलाला अक्षरं कळायच्या आधी स्वरलिपी वाचता येऊ लागली. दहाव्या वर्षापर्यंत आईनंच शिकवलं. मग चिलीहून येऊन टोरांटोत स्थायिक झालेले अल्बर्टो गेरेरो हे गुरू मिळाले आणि सुमारे नऊ वर्षं त्यांची तालीम चालली. गेरेरोंची एक कसरत फार विलक्षण होती. डावा हात पट्ट्यांवर सैल ठेवायचा. उजव्या हातानं डाव्या हाताचं एकेक बोट वरून टिचकीसारखं दाबायचं. बोट खाली जातं, स्वर उमटतो, बोट आपोआप वर येतं. मग पुढचं बोट. संपूर्ण रचना अशी, एकेका हातासाठी, अगदी संथ. कंटाळवाणं काम, पण त्यातून बोटाला एक गोष्ट कळते: पट्टी दाबायला खांदा लागत नाही, कोपर लागत नाही, फक्त बोटाचं टोक पुरतं. गूल्डच्या बोटांची पुढची सगळी सफाई या कसरतीतून आली, असं म्हणायला हरकत नाही.

चौदाव्या वर्षी तो टोरांटो सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर बेथोवेनचा चौथा पियानो कन्सर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) वाजवून बसला होता. पण त्याच्या आयुष्याला वळण दिलं ते रेडिओनं. २४ डिसेंबर १९५० रोजी कॅनडाच्या सरकारी रेडिओवर त्याचं पहिलं मोठं प्रक्षेपण झालं. स्टुडिओतल्या पियानोचा खर्ज जड आणि गढूळ होता. कार्यक्रमाची तबकडी घरी आणून वाजवताना त्यानं यंत्रावर खर्ज कमी केला, वरचा भाग थोडा वाढवला, आणि तोच पियानो त्याला हवा तसा बोलू लागला. अठरा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळलं, की वाजवून झाल्यावरही वादनात काही करता येतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

३. चौदा इंचांची खुर्ची

गूल्डचं छायाचित्र पाहिलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, हा असा जमिनीला टेकल्यासारखा का बसलाय? पियानोचं बाक साधारण वीस इंच उंच असतं. गूल्डची खुर्ची जमिनीपासून चौदा इंच. नाक पट्ट्यांपाशी, मनगट पट्ट्यांच्या पातळीवर किंवा त्याहूनही खाली.

ही खुर्ची १९५३ मध्ये वडिलांनी घरी बनवली. पत्ते खेळताना वापरतात तसली साधी घडीची खुर्ची घेतली, पाय कापून आखूड केले आणि प्रत्येक पायाला खालीवर करता येईल असा पितळी स्क्रू बसवला. मुलाच्या पाठीला लहानपणी पडल्यामुळं दुखापत झाली होती, तेही एक कारण सांगतात. पण खरं कारण गेरेरोंच्या कसरतीत आहे. उंच बसलं की हाताचं वजन वरून पट्टीवर येतं, मोठा आणि भरदार आवाज निघतो. खाली बसलं की ते वजन मिळतच नाही. सगळं काम बोटांवर येतं, आणि बोटं पट्टी ठोकण्यापेक्षा ओढल्यासारखी चालतात. त्यामुळं काय मिळतं? वेग आणि स्पष्टता. काय गमावतं? गडगडाट. बाखला गडगडाट लागत नाही, त्यामुळं हा सौदा गूल्डला परवडला.

खुर्ची तो जगभर बरोबर नेत असे. कालांतरानं तिची गादी फाटली, मग बैठकच गेली, लाकडी चौकट तेवढी उरली. तरी तो तिच्यावरच बसे. तिची कुरकुर काही रेकॉर्डींवर ऐकू येते. त्याचं गुणगुणणंही ऐकू येतं. वाजवताना तो गात असे, आणि बंद कर म्हटलं तर वादन बिघडे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, रेकॉर्ड खराब आहे. ती खराब नसते, तो गूल्ड असतो.

४. लग्नघराचं माजघर

आता थोडं बाखबद्दल, कारण त्याशिवाय गूल्डचं डोकं कळणार नाही.

आपल्या रागसंगीतात एका वेळी एकच मुख्य सूर पुढं चालतो. तंबोरा, तबला, पेटी त्याला साथ देतात. बाखच्या संगीतात एका वेळी दोन, तीन, चार स्वतंत्र चाली चालू असतात, आणि त्यातली कुठलीच साथीला नसते. लग्नघराच्या माजघरात चौघी जणी एकाच वेळी बोलत असतात, तरी एकीचंही काही निसटत नाही, तसं. याला काउंटरपॉइंट म्हणतात.

त्याचा सर्वांत कडक प्रकार म्हणजे कॅनन. गणपतीत शेजारच्या दोन घरांतल्या आरत्या थोड्या पुढंमागं सुरू होतात आणि एकमेकींत गोंधळ घालतात, हे आपण दरवर्षी ऐकतो. आता अशी आरती रचायची, की शेजाऱ्यानं दोन ओळी मागून सुरू केली तरी प्रत्येक क्षणी दोन्ही आवाज गोड जुळावेत. हा कॅनन. फ्यूग त्याहून थोडा मोकळा. एक आवाज छोटं पद घेऊन येतो, दुसरा तेच पद वेगळ्या पट्टीत घेतो, पहिला थांबत नाही, वेगळं काही गात राहतो, मग तिसरा येतो. पुढं सगळे मिळून त्या पदाशी खेळतात.

हे सगळं वाजवायला माणूस एक आणि बोटं दहा. एकाच हाताला कधी कधी दोन चाली सांभाळाव्या लागतात. ऐकणाऱ्याला त्या वेगवेगळ्या ऐकू आल्या तर माजघर, नाही तर बाजार. गूल्डच्या सुट्या स्वरांची किंमत इथं कळते.

५. एक लेहरा, तीस पलटे

जानेवारी १९५५ मध्ये २२ वर्षांचा गूल्ड न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये वाजवून गेला आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबिया रेकॉर्ड्सनं त्याच्यापुढं करार ठेवला. पहिल्या रेकॉर्डसाठी त्यानं निवड केली बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची. १७४१ च्या सुमारास छापलेली ही रचना त्या काळी जाणकारांची मानली जाई. नव्या पोरानं काहीतरी सोपं, लोकांच्या ओळखीचं वाजवावं, असं इतरांचं मत होतं.

रचना समजायला अवघड नाही. तबल्याच्या एकल वादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. तो तसाच फिरत राहतो आणि तबलजी त्यावर कायदे, पलटे, रेले वाजवतो. गोल्डबर्गमध्ये खर्जातली ३२ मात्राखंडांची एक चाल हा लेहरा. सुरुवातीला तिच्यावर एक संथ गीत येतं, त्याला आरिया म्हणतात (आपल्या आरतीशी याचा संबंध नाही). मग तीच खर्जाची चाल धरून ३० वेगवेगळ्या रचना: कधी नाच, कधी धाव, कधी विलाप. दर तिसरी रचना बहुधा कॅनन. शेवटी आरिया जशीच्या तशी परत येते.

जून १९५५ मध्ये न्यू यॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर, एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत मुद्रण झालं. ऐन उन्हाळ्यात गूल्ड कोट, मफलर, टोपी आणि हातमोजे घालून आला. बरोबर ती खुर्ची, टॉवेलांची चवड, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि गोळ्यांच्या डब्या. वाजवण्याआधी वीस मिनिटं हात गरम पाण्यात बुडवून बसायचं, मग काम. कंपनीच्या लोकांनी हे सगळं मोठ्या चवीनं छापलं. जानेवारी १९५६ मध्ये रेकॉर्ड बाहेर आली आणि गूल्ड रातोरात जगाला माहीत झाला. जाणकारांची समजली जाणारी रचना घराघरांत पोचली, ती कायमची. एकूण वेळ ३८ मिनिटं ३४ सेकंद.

६. दुसरी संधी नसलेला खेळ

पुढची आठ-नऊ वर्षं मैफलींची. त्यातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मे १९५७ मध्ये, शीतयुद्धाच्या काळात, तो मॉस्कोत वाजवायला गेला. नाव कोणाला माहीत नव्हतं, सभागृह अर्धं रिकामं होतं. पहिला भाग संपला. मध्यंतरात लोक टेलिफोनकडं धावले, मित्रांना बोलावून घेतलं, आणि दुसऱ्या भागाला सभागृह भरलं. त्याच दौऱ्यात मॉस्कोच्या संगीतशाळेत विद्यार्थ्यांपुढं त्यानं बर्ग आणि वेबर्न यांचं संगीत वाजवलं, जे तिथल्या सरकारला बिलकूल मान्य नव्हतं.

एवढं यश, तरी त्याला मैफल का नको झाली? त्याची कारणं एकेक करून पाहू.

पहिलं, एकच संधी. मैफलीत चुकलं तर चुकलं. मग कलावंत जपून खेळतो, ठरलेल्या जागा घेतो, त्याच त्या रचना दौराभर फिरवतो. दुसरं, सभागृहाचं वजन. गूल्डनं स्वतः दिलेलं उदाहरण बाखच्या पाचव्या पार्टिटाचं आहे. रशियात मोठमोठ्या सभागृहांत ती रचना वाजवताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून तो नकळत चढउतार वाढवत गेला. परतल्यावर तीच रेकॉर्ड केली, तेव्हा त्या लकबी तशाच उतरल्या. ती रेकॉर्ड त्याला कधीच आवडली नाही. मागच्या बाकावरच्या मुलासाठी आवाज चढवणारे गुरुजी घरी जेवतानाही त्याच पट्टीत बोलू लागतात, तसं हे. तिसरं, श्रोत्यांची नजर. गूल्डला मैफलीत सर्कशीचा वास येई. वरचा झोपाळा निसटतो का, हे बघायला काही लोक येतात, अशी त्याची भावना होती. टाळ्यांवर बंदी घालावी, असा लेखही त्यानं १९६२ मध्ये लिहिला. चौथं अगदी साधं: त्याला प्रवास सोसत नव्हता. विमानाची धास्ती, थंडीची धास्ती, परक्या पियानोचा वैताग.

त्याच १९६२ च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एक प्रसंग घडला. ब्राम्सचा पहिला कन्सर्टो गूल्डला फार संथ वाजवायचा होता. वाद्यवृंदाचे संचालक लेनर्ड बर्नस्टाईन यांनी सुरुवात करण्याआधी श्रोत्यांकडं वळून सांगितलं, की ही लय आपल्याला पटलेली नाही, पण गूल्डचा विचार गंभीर आहे म्हणून आपण साथ करतोय. गूल्डला त्यात अपमान वाटला नाही. समीक्षकांनी मात्र झोडपलं. दोन वर्षांनी त्यानं मैफलीच थांबवल्या. सगळ्या मिळून त्या दोनशेसुद्धा भरत नाहीत.

७. ब्लेड, फीत आणि रफू

आता त्याच्या युक्तिवादाचा गाभा. त्या काळी आवाज चुंबकीय फितीवर उतरवत. व्यावसायिक स्टुडिओत फीत बहुधा सेकंदाला १५ इंच वेगानं सरके. छोटा हिशेब करू. एका सेकंदाला १५ इंच, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाला दीड इंच. पियानोच्या वेगवान तानेतला एक स्वर साधारण एवढाच वेळ टिकतो. म्हणजे फितीवर तो जवळपास दोन बोटं रुंद जागा घेतो! ब्लेडनं नेमका तिथं तिरपा छेद द्यायचा, दुसऱ्या वादनातली फीत तशीच कापायची, दोन्ही टोकं भिडवून मागून चिकटपट्टी लावायची. चांगला कारागीर असेल तर सांधा ऐकू येत नाही. शालीच्या रफूसारखं काम.

यावर आपले काका म्हणतील, ‘म्हणजे लबाडीच की! चुका झाकल्या.’ गूल्डनं १९६६ मध्ये लिहिलेल्या एका लेखात याला उत्तर दिलं, तेही एका उदाहरणानं. बाखचा ए मायनरमधला एक फ्यूग तो मुद्रित करत होता. अनेक वेळा वाजवून झाला. सहावं वादन आणि आठवं वादन, दोन्ही बिनचूक. सहावं गंभीर, स्वर एकमेकांना जोडलेले. आठवं हलकं, उड्या मारणारं. काही आठवड्यांनी शांतपणे ऐकताना लक्षात आलं, की दोन्ही आपापल्या परीनं एकसुरी आहेत. पण दोघांची लय जवळपास सारखी पडली होती. मग सुरुवात सहाव्यातली घेतली, मधला मोकळा भाग आठव्यातला, आणि शेवट पुन्हा सहाव्यातला.

इथं एकही चूक झाकलेली नाही, हे बघा. दोन्ही वादनं निर्दोष होती. जे तिसरं वादन तयार झालं, ते कोणत्याही बैठकीत वाजलंच नव्हतं. ते सुचलं नंतर, ऐकताना. लेखक पहिला खर्डा लिहून बाजूला ठेवतो, चार दिवसांनी परत वाचतो, तिसरा परिच्छेद वर नेतो, पाचवा काढून टाकतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. मग वादकानंच पहिल्या खर्ड्यावर का जगावं? गूल्डचं म्हणणं एवढंच होतं. पुढं त्यानं संगीतकार, ध्वनितंत्रज्ञ आणि सामान्य श्रोते यांना जोड असलेले आणि नसलेले तुकडे ऐकवून सांधे ओळखायला सांगितले. खात्रीनं ओळखणं कोणालाच जमलं नाही.

८. रात्रीचा माणूस

मैफली सोडल्यावर तो टोरांटोतच राहिला. दिवसा झोप, रात्री काम. रात्री उशिरा उघड्या असणाऱ्या उपाहारगृहात जाऊन अंडी खायची, आणि मित्रांना तासन्‌तास फोन. माणसं त्याला नको होती असं नाही, टेलिफोनच्या तारेएवढ्या अंतरावर हवी होती. तब्येतीची काळजी हा दुसरा उद्योग. रक्तदाबाच्या नोंदी, गोळ्यांचे ढीग, हस्तांदोलनाला नकार.

या काळात त्यानं रेकॉर्डींइतकाच जीव रेडिओवर लावला. १९६५ मध्ये तो विनिपेगहून आगगाडीनं हडसन उपसागरावरच्या चर्चिल गावी गेला होता. त्या प्रवासातून ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ हा कार्यक्रम झाला, २८ डिसेंबर १९६७ रोजी प्रसारित. कॅनडाचा उत्तर भाग जवळून पाहिलेली पाच माणसं यात बोलतात. गंमत म्हणजे ती एकामागून एक बोलत नाहीत. एकीचा आवाज सुरू असताना दुसरा येतो, मग तिसरा, पहिला मागं सरतो, खाली रेल्वेचा खडखडाट खर्जासारखा चालू. तेच माजघर! फ्यूग वाजवणाऱ्या माणसानं माणसांच्या बोलण्याचा फ्यूग केला. फितीचे तुकडे जोडूनच.

त्याच्या आवडीनिवडीही अशाच. सोळाव्या-सतराव्या शतकातला इंग्रज संगीतकार गिबन्स लाडका, शोपँ जवळजवळ वर्ज्य, आणि मोझार्टच्या उत्तरकाळाबद्दल तर इतकं तिखट मत, की मोझार्टप्रेमी आजही चिडतात. त्यानं वाजवलेले मोझार्टचे सोनाटे ऐकले तर त्यांचा राग अगदीच अनाठायी वाटत नाही. कित्येक ठिकाणी तो रचनेशी वाद घालतो आणि हरतो. एकांतात काम करणाऱ्याला ‘अहो, हे जरा अती होतंय’ असं सांगणारं समोर कोणी नसतं, हा त्याच्या पद्धतीतला खरा धोका.

९. तीच आरिया, सव्वीस वर्षांनी

१९८१ मध्ये गूल्डनं गोल्डबर्ग पुन्हा मुद्रित केली. स्टुडिओ तोच, तिसाव्या रस्त्यावरचा, आता बंद पडायला आलेला. खुर्ची तीच. पियानो मात्र वेगळा. त्याचा आवडता स्टाइनवे १९७१ मध्ये वाहतुकीत पडून जायबंदी झाला होता, दुरुस्तीनंतरही पूर्वीसारखा राहिला नव्हता. आता यामाहा होता.

नव्या रेकॉर्डचा वेळ ५१ मिनिटं १८ सेकंद. जुन्यापेक्षा पावणेतेरा मिनिटं जास्त. काही भाग त्यानं दोनदा वाजवले म्हणून वेळ वाढला, पण सगळाच त्यामुळं नाही. फक्त सुरुवातीची आरिया घेऊन हिशेब करू. तिचे ३२ खंड, प्रत्येकात ३ मात्रा, म्हणजे ९६ मात्रा. १९५५ मध्ये तिला साधारण ११३ सेकंद लागले, म्हणजे एका मात्रेला सव्वा सेकंदाहून थोडं कमी. १९८१ मध्ये साधारण १८५ सेकंद, म्हणजे मात्रेला जवळपास दोन सेकंद. स्वर तेच, माणूस तोच.

तरुण गूल्डला प्रत्येक रचना वेगळी चमकवायची होती. पन्नाशीला टेकलेल्या गूल्डला तीसही रचना एका धाग्यात ओवायच्या होत्या. एका रचनेची लय पुढच्या रचनेच्या लयीशी साध्या पटीनं बांधलेली, आपल्या दुगुण-तिगुणीसारखी. त्यामुळं वेग बदलला तरी आतली नाडी तुटत नाही. दोन्ही आरिया मिळून पाच मिनिटांच्या आहेत. इंटरनेटवर सहज मिळतात. एकापाठोपाठ एक ऐका आणि कोणती जवळची वाटते ते स्वतःच ठरवा. या प्रकरणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

सप्टेंबर १९८२ मध्ये ही रेकॉर्ड बाजारात आली. २५ तारखेला गूल्डला पन्नास वर्षं पूर्ण झाली, २७ ला पक्षाघाताचा झटका आला आणि ४ ऑक्टोबरला तो गेला. टोरांटोतल्या त्याच्या थडग्यावर त्या आरियाचे सुरुवातीचे स्वर कोरले आहेत.

१०. मग कोणाचं खरं?

शंभर वर्षांत जाहीर मैफली संपतील आणि त्यांची जागा ध्वनिमुद्रण घेईल, असं भाकीत गूल्डनं केलं होतं. त्यातली साठ वर्षं उलटली. मैफली संपल्या नाहीत, संपतील असं दिसतही नाही. काकांचा एक मुद्दा गूल्डनं कधी नीट ऐकलाच नाही: समोर बसलेला श्रोता कलावंताला बिघडवतो तसा घडवतोही. पण भाकिताचा दुसरा अर्धा भाग खरा ठरला. आज संगीत ऐकणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो, कानात ध्वनियंत्र घालून, हवं ते, हवं तेव्हा, हवं तेवढ्या वेळा. गूल्ड ज्या श्रोत्यासाठी वाजवत होता, तो हाच.

त्याच सुमारास आपल्याकडं दुसऱ्या टोकाच्या एक कलावती होत्या. गोव्यातल्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर. त्यांचा विश्वास मैफलीवर. रेकॉर्डिंगच्या बाबतीत त्या इतक्या काटेकोर, की त्यांच्या मोजक्याच रेकॉर्डी निघाल्या. जाहीर गाणं त्यांनीही साठच्या दशकाच्या मध्याला, गूल्डच्या जवळपास त्याच वेळी थांबवलं. दोघांची भेट झाल्याचं कुठं ऐकिवात नाही, आणि झाली असती तर रेकॉर्डिंगवरून कडाक्याचं भांडण झालं असतं.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, त्यात पृथ्वीवरच्या संगीताचे २७ नमुने आहेत. एक गूल्डनं वाजवलेला बाखचा प्रिल्यूड आणि फ्यूग. एक केसरबाईंची भैरवी. मैफल सोडून गेलेला आणि मैफलीशिवाय काही न मानणारी, दोघंही आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडं एकाच रेकॉर्डवर प्रवास करत आहेत.